वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला समुपदेशकांकडे पाठवलं, फरक शून्य. चुकतंय कुठे?

खडू_फळा

सातवीचा वर्ग, पट ४४. त्यातला एक १२ वर्षांचा मुलगा आठवड्यातून सहा-सात वेळा तास बंद पाडतो. तोंडाने आवाज काढणे, पुढच्या बाकाला लाथा मारणे, शेजारच्याची वही ओढणे, हटकलं की उलट उत्तर. या सत्रात दोनदा हाणामारीही झाली. वर्गाबाहेर उभं करून झालं, वहीत शेरे देऊन झाले, पालकांना दोनदा बोलावून झालं. शेवटी समुपदेशकांकडे पाठवलं. त्या आठवड्यातून दोन दिवस येतात. सहा सत्रं झाली. त्यांच्या खोलीत मुलगा शहाण्यासारखा बोलतो म्हणे, आणि वर्गात आला की दहाव्या मिनिटाला ये रे माझ्या मागल्या. काय बोलणं झालं असं मी विचारते तेव्हा "ते गोपनीय आहे" एवढंच उत्तर मिळतं.

माझे प्रश्न तीन. समुपदेशकांकडून नेमकी कसली अपेक्षा ठेवायची? त्यांच्याकडे पाठवताना काय लिहून द्यायचं? (मी "वर्गात उद्धट वागतो, अभ्यासात लक्ष नाही" एवढं लिहिलं होतं.) आणि बाकीच्या ४३ मुलांचा तास वाचवायला उद्यापासून वर्गात काय करता येईल? "प्रेमाने समजावून सांगा" कृपया नको, ते करून झालंय.

चौथा_बाक (शालेय समुपदेशक)

"उद्धट" आणि "लक्ष नाही" हे दोन्ही शब्द आधी खोडा. हे तुमचं मत झालं, त्याचं वागणं नव्हे, आणि मतावर समुपदेशकाला काही करता येत नाही. कॅमेऱ्याला जे दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहायचं. "उद्धट" ऐवजी "वही काढ म्हटल्यावर 'नाही काढणार' म्हणतो आणि मान वळवून बसतो".

शाळेचे दहा दिवस नोंद ठेवा. पाच दिवसांतही अंदाज येतो, पण मध्ये परीक्षा किंवा एखादा कार्यक्रम आला तर चित्र फसवं निघतं. रकाने पाचच: वेळ आणि विषय, अगदी आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, लगेच नंतर कोणी काय केलं, आणि प्रकरण किती मिनिटं चाललं. एक नमुना:

*मंगळवार, तिसरा तास, गणित. आधी: फळ्यावरची आठ शाब्दिक उदाहरणं वहीत सोडवायला सांगितली. केलं: दोन मिनिटांनी पुढच्या बाकाला चार लाथा; हटकल्यावर "मला नाही करायचं". नंतर: मागची मुलं हसली, शिक्षकांनी बाहेर उभं केलं. २५ मिनिटं.*

एका नोंदीला मिनिटभर लागतं. तास संपल्यावर लिहा, त्याच्या डोळ्यांदेखत नको, नाहीतर वहीच धमकी होऊन बसते. ज्या तासांना काहीच घडलं नाही तेही टिपा. हे सगळे विसरतात, आणि उत्तर बहुतेक वेळा तिथेच दडलेलं असतं.

आधी, वर्तन, नंतर अशी नोंद ठेवण्याची ही रीत मानसशास्त्रज्ञ सिडनी बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये मांडली. ती अजून टिकून आहे, कारण ती "असं का वागतो" हा प्रश्न सोडून "असं वागून त्याला काय मिळतं" हे विचारते. मिळण्यासारख्या गोष्टी ढोबळमानाने चार: कोणाचं तरी लक्ष, नको असलेल्या कामातून सुटका, हवी ती वस्तू किंवा जागा, आणि त्या हालचालीतूनच मिळणारा आराम (पाय हलवत राहणं, गुणगुणणं). हे नीट ओळखल्याशिवाय उपाय केला तर तो उलटा पडतो. वरच्या नोंदीतल्या मुलाला गणितातून सुटका हवी असेल, तर वर्गाबाहेर काढणं ही शिक्षा नाही, ती त्याची मजुरी आहे. लाथ मारली, २५ मिनिटं सुट्टी मिळाली. उद्या पुन्हा मारणारच.

दुसरा सापळा "दुर्लक्ष करा" या सल्ल्याचा. दुर्लक्ष फक्त तेव्हाच लागू पडतं जेव्हा मुलाला *तुमचं* लक्ष हवं असतं. त्याला मागच्या बाकांवरचं हसू हवं असेल तर तुम्ही कितीही पाठ फिरवा, त्याचा पगार चालूच. आणि जिथे ते लागू पडतं तिथेही पहिले काही दिवस वागणं वाढतं. रोज चालणारं यंत्र नाणं टाकूनही चाललं नाही की माणूस आधी बटण जोरात दाबतो, मग निघून जातो, तसंच हे. त्या वाढीला घाबरून चौथ्या दिवशी ओरडलात तर मुलगा एवढंच शिकतो की चार दिवस जोर लावला की मिळतं. कोणाला इजा होण्यासारखं काही असेल तर अर्थातच दुर्लक्ष करायचं नाही.

आता समुपदेशकांच्या कामाबद्दल. खोलीत तो शहाणा वागतो यात नवल काहीच नाही. तिथे बघायला कोणी नाही, हसायला कोणी नाही, गणितही नाही. आठवड्यातली ३० मिनिटं वर्गातल्या उरलेल्या सगळ्या तासांना पुरी पडत नाहीत. म्हणून अशा तक्रारीत समुपदेशकाचं अर्ध्याहून जास्त काम मोठ्या माणसांबरोबर असतं: वेगवेगळ्या तासांना दोन-तीनदा मागे बसून निरीक्षण, नोंदींचं वाचन, शिक्षकांबरोबर योजना, पालकांशी बोलणं, चार ते सहा आठवड्यांनी आढावा. सहा सत्रांत त्या एकदाही वर्गात आल्या नसतील तर पहिली मागणी तीच करा. वेळापत्रकही बघा. दर वेळी गणिताच्या तासाला बोलावत असतील तर तीही सुटकाच झाली. खेळाच्या तासाला बोलावत असतील तर मुलगा चिडून जाणार.

पाठवताना कागदावर हे द्या: नोंदी, कोणत्या तासाला त्रास *होत नाही*, काय करून पाहिलं आणि किती दिवस, हजेरी, मागच्या दोन वर्षांचे गुण (घसरण अचानक की हळूहळू), त्याला काय जमतं, काय आवडतं, आणि एकच अपेक्षा, मोजता येईल अशी. "सुधारणा व्हावी" ही अपेक्षा नव्हे. "लेखनकामात सलग दहा मिनिटं जागेवर" ही अपेक्षा.

आणि "थांब, तुला समुपदेशकांकडेच पाठवते" हे वाक्य वर्गासमोर कधीही नको. एकदा ते म्हटलं गेलं की ती खोली कोठडी होते, आणि ज्या मुलाला खरंच काही सांगायचं असतं तोही तिकडे फिरकत नाही.

रेघी_वही (विशेष शिक्षक)

वरच्याशी सहमत, पण नोंदी चालू असतानाच एक तपासणी उरकून घ्या. काम नको असण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे ते येत नसणं. बारा वर्षांच्या मुलाला "मला वाचता येत नाही" म्हणण्यापेक्षा "मला नाही करायचं" म्हणणं फार सोपं असतं. पहिल्यात लाज आहे, दुसऱ्यात रुबाब.

पुस्तकातला अजून न शिकवलेला १०० शब्दांचा उतारा घ्या. मुलाला एकट्याला, वर्गाबाहेर, मोठ्याने वाचायला लावा. तुमच्या प्रतीवर चुकलेल्या, गाळलेल्या आणि सांगाव्या लागलेल्या शब्दांखाली रेघ मारत जा. पाचपर्यंत चुका असतील तर शिकवणीच्या आधाराने पुस्तक झेपतं. दहाच्या पुढे गेल्या तर ते पुस्तक त्याच्या आवाक्याबाहेर आहे. सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात जाते आणि अर्थ हाताला लागत नाही. वाचून झालं की दोन साधे प्रश्न विचारा. काही मुलं खडखडीत वाचतात आणि काय वाचलं ते सांगता येत नाही. ती अडचण वेगळी.

मग गणित. सहा शाब्दिक उदाहरणं निवडा. तीन त्याने स्वतः वाचून सोडवायची, तीन तुम्ही वाचून दाखवायची. वाचून दाखवलेली सुटली आणि स्वतः वाचलेली अडली, तर अडचण गणिताची नाही, वाचनाची आहे. दोन्ही अडली तर एक अंकी गुणाकारांचा कागद एक मिनिट सोडवायला द्या आणि वर्गातल्या तीन-चार मध्यम मुलांच्या कागदाशी ताडून बघा. पाढ्यांवरच बोटं मोजावी लागत असतील तर सातवीचं गणित त्याच्यासाठी रोजची नाचक्की आहे.

डोळे आणि कान तपासून घ्या, हे कोणालाच आठवत नाही. फळ्यावरून उतरवताना चुका होतात पण पुस्तकातून उतरवताना होत नाहीत, तर नजर. पाठीमागून हळू आवाजात हाक मारल्यावर वळत नाही, सूचना दिली की आधी शेजारच्याकडे बघतो, तर कान. झोप किती होते तेही पालकांना विचारा. या वयात ९ ते १२ तास लागते, आणि कमी झोपलेलं मूल मोठ्यांसारखं पेंगत नाही, उलट जास्त वळवळतं.

"अतिचंचल असेल" हा शिक्का शिक्षकांनी मारू नये, समुपदेशकांनीही नाही. निदान करण्याचं काम बालमानसोपचारतज्ज्ञांचं किंवा त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर-मानसशास्त्रज्ञांचं. त्यांचेही निकष कडक आहेत: लक्षणं किमान सहा महिने हवीत, वयाच्या १२ वर्षांआधी सुरू झालेली हवीत, आणि घर-शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत. फक्त गणिताच्याच तासाला दिसणारी चंचलता ही गणिताबद्दल काहीतरी सांगते. शाळेत चाळणी म्हणून रॉबर्ट गुडमन यांची २५ विधानांची प्रश्नावली (१९९७) वापरता येते. शिक्षक आणि पालक वेगवेगळी भरतात, ११ वर्षांपुढचं मूल स्वतःही भरू शकतं. तिघांची उत्तरं जुळत नाहीत तिथे थांबून विचार करा. पण ती चाळणीच, निदान नव्हे.

मधली_सुट्टी

सगळं ठीक, पण ४३ मुलांचं काय? एकाला सवलती, एकाला खास कागद, एकाला बाहेर नेऊन वाचन. बाकीचे काय शिकणार? दंगा केला की लाड होतात. हाणामारी केली तेव्हाच तीन दिवस घरी बसवलं असतं तर एवढं वाढलं नसतं.

सरळ_रेषा (मुख्याध्यापक)

मधली_सुट्टी, प्रश्न रास्त आहे, उपाय नाही. घरी बसवणं म्हणजे वर्गाबाहेर काढण्याचीच मोठी आवृत्ती: २५ मिनिटांऐवजी तीन दिवस सुटका, वर अभ्यास आणखी मागे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कृतिगटाने २००८ मध्ये "शून्य सहनशीलता" (छोट्या चुकीलाही थेट कडक शिक्षा) धोरणांचा आढावा घेतला. अशा धोरणांनी शाळा सुरक्षित झाल्याचं किंवा मुलं सुधारल्याचं त्यांना आढळलं नाही. उलट निलंबन पुढच्या बेशिस्तीचं आणि निलंबनाचंच भाकीत करत होतं. इतरांच्या सुरक्षिततेसाठी एखाद्याला काही काळ वेगळं ठेवावं लागतं, हे मान्य. पण ते वेळ मिळवण्यासाठी. त्या वेळात योजना झाली नाही तर तो परत येतो तसाच.

४३ मुलांसाठी उद्यापासून करण्यासारखं:

तास सुरू होण्याआधी फळ्यावर सगळ्यांना जमेल असं तीन मिनिटांचं काम लिहिलेलं असावं. दंग्याची सुरुवात बहुधा "पुस्तक काढा, कालचं कुठे होतो" या रिकाम्या वेळात होते.

सूचना एका वेळी एकच, जवळ जाऊन, हळू आवाजात, आणि प्रश्न म्हणून नको. "वही काढशील का?" याला "नाही" हे सुद्धा उत्तर आहे. "वही काढ." एवढं म्हणून पाच ते दहा सेकंद गप्प राहा. आपण तीन सेकंदांत तीच सूचना आवाज चढवून पुन्हा देतो, त्यामुळे मुलं तिसऱ्या आवाजाची वाट बघायला शिकतात. सूचना दिली की बाजूला व्हा. डोळ्यांत डोळे घालून उभं राहिलात की त्याला वर्गासमोर माघार घ्यावी लागते, आणि ती तो घेणार नाही.

पूर्ण वर्गासाठी बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ यांनी १९६९ मध्ये तपासलेला गटखेळ आजही चालतो. वर्गाचे तीन-चार गट, दोन-तीन साधे नियम, नियम मोडला की गटापुढे फुली. ठरलेल्या वेळेत चार किंवा त्याहून कमी फुल्या असलेले *सगळे* गट जिंकतात. म्हणजे स्पर्धा एकमेकांशी नाही, मर्यादेशी आहे. सुरुवात दहा मिनिटांनी करा, अख्ख्या तासाने नको. फुली मारताना भाषण नको: "गट दोन, जागा सोडली, एक फुली" आणि शिकवणं पुढे चालू. यात हमखास होणारा बिघाड म्हणजे एखादा मुद्दाम फुल्या खाऊन गटाला हरवतो आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात. तसं दिसलं की त्याचा एकट्याचा वेगळा गट करा, हरवायला कोणी उरलं नाही की मजा जाते. तुमच्या या मुलावरून वर्गात आधीच राग असेल तर पहिल्या दिवसापासूनच वेगळा ठेवा.

खडू_फळा

दहा दिवसांच्या नोंदी झाल्या. एकूण १४ घटना. ११ लेखनकामात (गणित ६, भाषा ५), दोन मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत, एक गटकामात. खेळ, चित्रकला, विज्ञानाचे प्रयोग: शून्य. १४ पैकी ९ घटनांचा शेवट "बाहेर" असा. उताऱ्यात १७ चुका. वाचून दाखवलेली तिन्ही उदाहरणं त्याने तोंडी सोडवली, स्वतः वाचलेल्यांपैकी एकही नाही. आता पुढे? आणि गोपनीयतेचा प्रश्न राहिलाच. शिवाय शाळेत अशा सहा-सात दंगेखोर मुलांचा एक गट करून समुपदेशकांनी दर आठवड्याला त्यांना एकत्र घ्यावं असं चाललंय, ते बरोबर आहे का?

रेघी_वही

तुमच्या हातात आता उत्तर आहे, ताई. हा वाचनाचा प्रश्न आहे आणि दंगा त्याच्यावरचं पांघरूण आहे. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी पाठवा, पण अहवाल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका.

काम निम्मं करा, सोपं नव्हे: आठऐवजी चार उदाहरणं, त्यांतली पहिली दोन त्याला नक्की जमणारी. शाब्दिक उदाहरण जोडीदाराने त्याला हळू वाचून दाखवायचं, आणि जोड्या सगळ्या वर्गाच्या करायच्या म्हणजे तो एकटा पडत नाही. न विचारता वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभं करायचं नाही. भाषेत उत्तर तोंडी सांगू द्या, मग दोन ओळी लिहू द्या. मूळ दुखण्यासाठी रोज १५-२० मिनिटं, त्याला एकट्याला घेऊन, अक्षर-ध्वनी-जोडाक्षरांपासून पद्धतशीर वाचन. आठवड्यातून एकदा तासभर बसवून हे होत नाही.

मधली_सुट्टी यांना: चष्मा लावलेल्या मुलाला कोणी "सवलत" म्हणत नाही.

चौथा_बाक

योजनेत दोन गोष्टी जोडते.

एक, सुटकेचा कायदेशीर रस्ता द्या. लेखनकाम अंगावर आलं की लाथ मारण्याऐवजी त्याने बाकाच्या कोपऱ्यावर एक छोटं कार्ड ठेवायचं. तुम्ही मान हलवायची, तो दोन-तीन मिनिटं पाणी पिऊन किंवा ठरलेल्या कोपऱ्यात उभा राहून परत येतो. दिवसाला तीन कार्डं. परत आल्यावर काम तेच असतं, नाहीसं होत नाही, आणि ही अट महत्त्वाची. कार्ड दाखवूनही तुम्ही "आत्ता नाही" म्हणालात तर पहिल्याच दिवशी योजना मेली, कारण लाथेला कधीच "नाही" ऐकावं लागत नाही. कार्ड कसं वापरायचं हे समुपदेशकांनी खोलीत त्याच्याबरोबर प्रत्यक्ष करून घ्यावं, तुमच्या तासाचंच सोंग घेऊन. तीनही कार्डं संपूनही दंगा झाला तर काम अजूनही जड आहे असं समजा.

दोन, रोजचं कार्ड. सकाळी दोन-तीन मिनिटं त्याला आवडणाऱ्या एका मोठ्या माणसाला (तुम्हीच असाल असं नाही) भेटायचं. कार्डावर दोन अपेक्षा, प्रत्येक तासाला ०, १ किंवा २. घरी जाण्याआधी त्याच माणसाकडे बेरीज. पुस्तकी लक्ष्य ८० टक्के असतं, पण पहिले तीन-चार दिवस लक्ष्याशिवाय नुसतं मोजा. तो ४५ वर असेल तर लक्ष्य ५५ ठेवा आणि आठवड्याला थोडं वर न्या. पहिल्या आठवड्यात एकदाही न जिंकलेलं मूल कार्ड फाडून टाकतं. एक इशारा: असं कार्ड मुख्यतः मोठ्यांचं लक्ष हव्या असणाऱ्या मुलांना लागू पडतं. तुमच्या मुलाला सुटका हवी आहे, म्हणून कामात बदल केल्याशिवाय नुसतं कार्ड दिलं तर तो रोज शून्यांची माळ घरी नेईल. पालकांनाही आधीच सांगा की कमी गुणांवरून घरी बोलायचं नाही.

हाणामारीबद्दल. राग शिगेला असताना उपदेश, प्रश्न, "सॉरी म्हण" हे सगळं तेलच ओततं. इतर मुलांना लांब करा, कमीत कमी शब्द वापरा, हात लावू नका (इजा होत असेल तेवढा अपवाद). बोलणं नंतर, निदान अर्ध्या तासाने. शांत दिसतो आणि शांत असतो यांत फरक आहे. साधी सूचना ऐकतोय का यावरून कळतं. मग तीनच प्रश्न: काय झालं, त्याच्या आधी काय झालं, पुढच्या वेळी त्या जागी काय करशील. "का केलंस?" याला मुलांकडे बहुतेक वेळा खरं उत्तर नसतं. बनवलेलं मात्र लगेच मिळतं. दोघांना समोरासमोर बसवून तडजोड तेव्हाच करायची जेव्हा ते तुल्यबळ असतील. एकजण दुसऱ्याला सतत छळत असेल तर ते भांडण नव्हे, छळ आहे. तिथे "हात मिळवा" म्हणणं ही छळ सोसणाऱ्याला दिलेली शिक्षा होते.

गोपनीयता. मुलगा *काय बोलला* हे गोपनीय. पण किती सत्रं झाली, कशावर काम चालू आहे, वर्गात तुम्ही काय करायचं आणि कोणतं कौशल्य शिकवलं, हे तुम्हाला मिळायलाच हवं. तेवढ्यासाठी मुलाची परवानगी समुपदेशकाने पहिल्याच भेटीत घ्यायची असते: "यातलं काय बाईंना सांगू, काय नको?" अपवादही त्याच भेटीत सांगायचे: स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा, किंवा कोणी त्याचा छळ किंवा शोषण करत असेल तर गुप्त ठेवता येत नाही. असं काही मुलाने तुम्हालाच सांगितलं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका आणि उलटतपासणी घेऊ नका. त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि त्याच दिवशी बालसंरक्षणाच्या ठरलेल्या वाटेने कळवा. तेव्हा "का" किंवा "नक्की ना" असे प्रश्न तुमच्या तोंडून गेले की पुढे तपासणाऱ्यांचं काम बिघडतं.

आणि तो गट: नको. टॉमस डिशन, जोन मॅककॉर्ड आणि फ्रान्स्वा पूलँ यांनी १९९९ मध्ये नेमकं हेच दाखवलं. त्रासदायक वागणाऱ्या किशोरांना एकत्र बसवलं की ते एकमेकांच्या किश्शांवर हसतात, आणि ते हसूच बक्षीस होतं. काही गटांत मुलं आधीपेक्षा बिघडली. गट करायचाच असेल तर मिश्र करा: सहा-सात मुलांत अशी एक-दोन, बाकीची नीट वागणारी, आणि विषय "राग" नव्हे तर एखादं प्रत्यक्ष काम. आणखी एक गोष्ट, या चर्चेत आलेली नाही म्हणून सांगते: दंगा करणारी मुलंच समुपदेशकांकडे पोचतात. जो तीन महिन्यांत वर्गात एक शब्द बोललेला नाही, ज्याची हजेरी हळूच गळतेय, त्याच्यासाठी कोणी कागद भरत नाही. तुमच्या ४३ मध्ये असा कोणी आहे का ते एकदा बघा.

सरळ_रेषा

आढाव्याची तारीख आजच लिहा, सहा आठवड्यांनंतरची. त्या दिवशी दोन आकडे हवेत: दहा दिवसांतल्या घटना किती (आज १४), आणि योजना किती तासांना खरोखर पाळली गेली. घटना कमी झाल्या नसतील तर आधी दुसरा आकडा बघा. निम्म्या तासांनाच पाळली असेल तर योजना फसली असं म्हणता येत नाही, ती झालीच नाही. बहुतेक वेळा तीन विषयशिक्षक पाळतात आणि चौथे अजूनही बाहेर काढतात. मुलगा चार दारं ठोठावून बघतो आणि उघडं दार पक्कं लक्षात ठेवतो. म्हणून सगळ्यांना एकत्र बसवून १५ मिनिटांत एकच पान वाचून दाखवा आणि सह्या घ्या.

घटना १४ वरून ४-५ वर आल्या तरी लगेच सगळं बंद करू नका. आधी रोजचं कार्ड एक दिवसाआड, मग आठवड्याला. सुटकेचं कार्ड सगळ्यात शेवटी, आणि वाचन सुधारेपर्यंत तर नाहीच.

खडू_फळा

समुपदेशक सोमवारी तिसऱ्या तासाला मागे बसणार आहेत. भाषेच्या आणि गणिताच्या शिक्षकांना कार्डाबद्दल आजच सांगितलं. एक शंका: सुटकेचं कार्ड बघून बाकीची मुलंही मागू लागली तर?

चौथा_बाक

द्या. दिवसाला प्रत्येकी एक, पूर्ण वर्गाला. पहिले दोन दिवस ४४ जण पाण्याला जातील, आठवडा संपेपर्यंत चार-पाचच उरतील. ते चार-पाच कोण, हे लिहून ठेवा. तुमच्या पुढच्या नोंदी त्यांच्याच असतील.